वापस आलेली पेटी

शहात्तर साली दसरा झाला, परभणीत स्टेशन रोडच्या दुकानांवर सेलच्या कापडी पाट्या लागल्या आणि मी ताडकळसहून एस.टी.नं पेटी घ्यायला गेले. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. मी सत्यशीला, ताडकळसच्या शाळेत मास्तरीण. तोंडानं फटकळ आहे, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. भाव करताना तर कुणी माझ्या नादी लागत नाही.

गाण्याची हौस आहे म्हणून पेटी घेते, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. आमचे आबा गायन पार्टी चालवायचे, त्यामुळे घरात कधी शांतता म्हणून नसायची. आबा गेले, मग माय माझ्याकडे राहायला आली. रात्री शेजारी तिचा श्वास ऐकत मला झोप लागायची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तीही गेली. शाळा सुटली की त्या खोलीचं कुलूप काढायलाच मला नको वाटायचं. घरात काहीतरी वाजावं, एवढंच मला पाहिजे होतं.

दिनकररावांच्या दुकानात चामड्याचा आणि रोगणाचा वास भरून राहिलेला असे. सेलचा माल मागच्या कोपऱ्यात होता. काठ उडालेले डफ, जोडीतला एकटाच डग्गा, तार नसलेला एकतारा. त्यांच्यामधी एक काळी पेटी होती, अगदी नव्यासारखी.

पेटी कशी तपासायची ते आबांनी शिकवलं होतं. नुसती वाजवून बघणारा हमखास फसतो, म्हणायचे. सगळे सूर बंद ठेवून भाता दाबायचा. कुठं बारीक छिद्र असलं तर भाता हळूहळू आत बसतो. या पेटीचा भाता मी दाबला. तो बसला तर नाहीच, उलट माझा तळवा जरासा मागं लोटला गेला. मी मनातल्या मनात खूश झाले. तिळभर हवा जात नव्हती!

"दिनकरराव, एवढी स्वस्त काहून? खोट काय हाय हिच्यात?"

"खोट न्हाई, बाई. वापस आलेला माल हाय. म्हणून सेलात टाकली."

"घेणाऱ्याला पसंत पडली न्हाई का?"

"घेणारा न्हाई आला." ते हातातली घुंगरं उगाच पुसत राहिले. "त्याचा भाऊ आला होता द्यायला."

शहाण्या माणसानं इथं चार गोष्टी विचारल्या असत्या. मला मात्र भाव उतरवायला आयतं निमित्त मिळालं. "मंग जुनीच म्हणा की! अजून कमी करा." त्यांनी मुकाट्यानं कमी केला. एवढ्या लवकर कुणी कमी करत नसतं. मी आपली पेटी मांडीवर घेऊन, लढाई जिंकल्यासारखी गावाला आले.

चार दिवस वाजवली. सूर गोड होता. बोटं चुकायची, तरी खोलीत आवाज होता, मला बरं वाटायचं.

मग एका रविवारी जेवून चटईवर पडले होते. भात्याची कडी लावायची राहून गेली होती. चामडं करकरल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. उंदीर शिरला असेल म्हणून मान वळवली. भाता बोटभर उघडत होता, पुन्हा मिटत होता. सावकाश. कुणी झोपलेलं असावं तसा.

स्प्रिंग असते आत, मी स्वतःला समजावलं. पण मी उठून बसले तशी त्याची चाल वाढली. माझी छाती धडधडायलीय आणि भाता लगालगा हलायलाय! मी पोरांना विज्ञान शिकवते. विचार केला, परीक्षा घेऊन बघावी. श्वास रोखला. भाता अर्धवट उघडा थांबला. सोडला, तो मिटला. अंगणात जाऊन विहिरीपर्यंत पळत गेले आणि तशीच पळत आले. खोलीत पेटी धापा टाकत होती.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू, घामानं चोळी भिजली. मी झडप घालून कडी लावली आणि वरून घोंगडी टाकली.

पण त्या संध्याकाळी खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली. जेवताना माझ्याच भाकरीचा आवाज मला ऐकू यायचा. दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी घोंगडी काढली, कडीही काढली आणि चटई पेटीजवळ ओढली. माय गेल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती.

हिवाळा असाच गेला. मी तिच्याशी बोलायलाही लागले. शाळेतलं सांगायचे, चिडचिड करायचे. तिनं काय बोलावं? ती आपली शेजारी श्वास घ्यायची.

एके दिवशी भाकऱ्या थापताना कानाला काहीतरी चुकल्यासारखं झालं. भाता आधी उघडला. मग माझी छाती भरली. मी हात पिठात तसाच ठेवून बघत राहिले. पुन्हा तसंच झालं. आधी तो, मग मी.

त्याच आठवड्यात पेटी घेऊन परभणी गाठली. एस.टी.त कडी लावायची माझी हिंमत झाली नाही.

दिनकररावांनी मला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बाई, तुमी सोता आल्या! लय बरं झालं. ठिवा, ठिवा खाली."

"काहून बरं झालं?"

"पहिल्या बारीला पालमहून आली ती, सून घेऊन आली. दुसऱ्या बारीला पाथरीहून, भाऊ घेऊन आला." ते पेटीकडे बघत नव्हते. "घेणारं माणूस अजून कुणी आलं न्हाई. तुमीच पहिल्या. तुमचे पैसे देतो, पुरे देतो."

त्यांनी गल्ला उघडला. पेटी आमच्या दोघांमधी होती. मला संध्याकाळची खोली दिसली. कुलूप, चटई, आणि पुढं काहीच नाही.

"राहू द्या," मी म्हणाले.

"बाई, ऐका माझं."

"माझी पेटी हाय, दिनकरराव."

ते रस्त्यापर्यंत मागं आले.

आता पुन्हा दिवाळी आलीय. सरजाबाई शाळेत पाणी भरते, माझ्या शेजारीच राहते. तिला मी खोलीची दुसरी किल्ली दिली आणि दुकानाचा पत्ता समजावून सांगितला. सेल लागला की पेटी लवकर खपते, तेही सांगितलं. तिला वाटलं, बाईंची बदली झाली.

काल शाळेत हजेरी घेत होते. पेटी घरी होती, दाराला कुलूप होतं. निम्मी नावं झाली आणि माझा आवाज थांबला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. सरजाबाई दारातून घागर घेऊन चालली होती, ती थबकली.

"बाई, दम काहून धरला तुमी?"

मी हातानंच तिला थांब म्हटलं. मग छाती आपोआप भरली.

"धरला न्हाई गं," मी म्हणाले. "मी वाट बघायले."