पोशाने दिलेली खबर

"ताई, तुमी माझ्या खुर्चीवर बसलाय."

मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खालापूरच्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली एक टेबल आणि एकच खुर्ची होती. सकाळी नऊपासून मी रांगेत उभी होते आणि माझ्या पायांचे तुकडे पडायचे बाकी होते.

"खुर्चीवर तुमचं नाव नाहीये," मी म्हटलं.

"हाय की. मागं बघा."

बघितलं. पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं – नवनाथ, मोडी वाचन, दर मंगळवारी. एखादी शहाणी मुलगी ओशाळून उठली असती. मी बसूनच राहिले आणि बॅगेतला कागद त्याच्यापुढे धरला. "मग वाचा. गिऱ्हाईकच आहे मी."

त्याने उभ्यानेच कागद घेतला. वाचताना त्याचे ओठ किंचित हलत होते. जानेवारीचं कोवळं ऊन त्याच्या मनगटावर पडलं होतं, आणि मी तिकडे बघत होते हे त्याला कळलं… आणि त्याला कळलंय हे मला कळलं.

"ह्यात तुमचं काय नाय," तो गंभीरपणे म्हणाला. "ही कोंडवाड्यात सापडलेल्या म्हशीची नोंद हाय. तुमच्या नात्यातली असली तर सांगा."

मला इतकं हसू आलं, की रागवायचं राहूनच गेलं. तिथे चूकच झाली म्हणायची.

माझं नाव नम्रता. ते ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला, असं घरातले सगळे म्हणतात. मी खोपोलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. त्या वर्षी आमच्या गावचं सरपंचपद ओबीसींसाठी राखीव निघालं आणि बाबांच्या, म्हणजे जगदीशरावांच्या, डोक्यात निवडणूक शिरली. त्यासाठी जातीचा जुना पुरावा हवा होता. शाळेच्या दाखल्यावर भलतंच लिहिलेलं. एकच आशा होती, आजोबांच्या जन्माची नोंद. आजोबा सेहेचाळीस सालचे. तेव्हाची गावोगावची दप्तरं मोडीत, आणि मोडी वाचणारे तालुक्यात बोटांवर मोजण्याइतके.

त्यातला एक नवनाथ. डोंगरावरच्या उंबराच्या वाडीतला ठाकर आदिवासी; जुन्या कागदांत ठाकूर. वाडीतल्या लोकांचे वनजमिनीचे दावे जुन्या कागदांवाचून अडत होते, म्हणून हा पठ्ठ्या स्वतःच मोडी शिकला. आठवडाभर वाडीजवळच्या आश्रमशाळेत शिकवायचा आणि मंगळवारी सुट्टी टाकून इथे बसायचा.

मीही मंगळवारी सुट्टी टाकू लागले.

पहिल्या मंगळवारी आमच्या गावचं सेहेचाळीस सालचं दप्तर पालथं घातलं. दुसऱ्या मंगळवारी पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस. कुठेच काही नाही. मधल्या वेळात त्याने मला मोडीची पाच अक्षरं शिकवली आणि मी त्याला वडापाव खाऊ घातले. 'ताई' गेलं, 'तुमी' गेलं.

"तुजं आडनाव वाचता येतंय का बघ," तो पान पुढे सरकवून म्हणायचा.

"येतंय. पण तू वाचलंस की बरं वाटतं."

तो चटकन पानात डोकं घालायचा. कान मात्र लाल व्हायचे. आणि ते काही उन्हाने नव्हे, पत्रा होता ना डोक्यावर!

घरी बाबांच्या नाकाला वास लागलाच. "मोडी वाचून घे आन् मोकळी हो," ते जेवताना म्हणाले. "वळख वाढवू नको. आपल्या घराण्यात असलं कदी झालेलं नाय."

"असलं म्हणजे कसलं?"

"तुला कळतंय कसलं ते."

मला कळत होतं. एरवी भांड्याला भांडं लागलं तरी बोलणारी मी, त्या दिवशी मुकाट जेवले. त्याची लाज मला अजून वाटते.

तिसऱ्या मंगळवारी नवनाथने दप्तर मिटलं आणि पेन कानामागे खोचलं. "तुझ्या आजोबांची आई कुठली गं?"

"जयवंता? घाटावरची म्हणे. साथीत तिचं माहेर संपलं, असं सांगतात."

"आजोबा पहिलेच ना? पयलं बाळंतपण कुठं करतात?"

"माहेरी," मी म्हटलं आणि कपाळावर हात मारला. तीन आठवडे आम्ही सासरच्या गावात शोधत होतो! जिथे मूल जन्मतं, तिथल्याच पाटलाकडे नोंद होते. "पण माहेरच संपलेलं असेल, तर…"

"संपलं, आसं सांगतात," नवनाथ म्हणाला. "इचारलंय का कुणी?"

विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं. जयवंताची धाकटी मुलगी आवडी, बाबांची आत्या. शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहते. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कोथिंबीर लावते आणि लिफ्टवर काडीचा विश्वास ठेवत नाही. रविवारी मी तिच्यापुढे जाऊन बसले.

"आत्याआजी, पणजीचं माहेर कुठलं गं?"

ती कोथिंबीर खुडत होती. हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर विचारतेय."

तिने मांडीवरची पानं झटकली. मग म्हणाली, "मी मेल्यावं हे कुणालाच म्हाईत ऱ्हाणार नाय. ऐक मंग."

बेचाळीसच्या चळवळीत माझा पणजोबा पोपट बुलेटिनं वाटायचा. पकड वॉरंट निघालं तसा तो डोंगरात पळाला. दोन पावसाळे रानात काढले. खालच्या गावांना पोलिसांची धास्ती. त्याला जेवू घातलं ते वाडीने. नाचणीची भाकर घेऊन रोज एक मुलगी यायची. तिचं नाव चिंधी. ठाकराची पोर. पोलीस वाडीवर आले, घरं उलथीपालथी केली, तिच्या बापाला, पोशाला, दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. कुणीही तोंड उघडलं नाही.

"पंचेचाळीसला बाबा तिला घेऊन घरी आला," आत्याआजी म्हणाली. "आज्यानं एकच अट घातली. लग्नात नाव बदलायचं आन् म्हायेर मेलं म्हणून सांगायचं. चिंधीची जयवंता झाली. पण आठवा म्हयना लागला तशी आय एकटी उठली आन् डोंगर चढून गेली. म्हायेर मेलंय म्हणून जगाला सांगशील गं, पन पोटात कळ आली की आयच आठवते."

मला तिथेच रडू आलं. चौदा पिढ्यांची वंशावळ घरात फ्रेम करून लावलीय, आणि त्यात ह्या बाईला साधं टिंबाएवढंसुद्धा स्थान नाही! त्याच रात्री मी सगळं नवनाथला फोनवर सांगितलं. वाडी कुठली ते आत्याआजीला पक्कं आठवत नव्हतं. पण त्या डोंगराखालच्या चार गावांची दप्तरं म्हणजे काही समुद्र नव्हता.

चौथ्या मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी नवनाथचं बोट एका ओळीवर थांबलं. तो हळू आवाजात वाचू लागला. पोपट याचे बायकोस मुलगा. बापाची जात कुणबी. बाळंतपण माहेरी. खबर देणार, मुलीचा बाप पोशा, जात ठाकूर.

खबर द्यायला तो म्हातारा स्वतः गेला होता. ज्याच्या नावाने खाली 'मेला' म्हणून सांगत होते, तो डोंगर उतरून पाटलाच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला – माझ्या लेकीला मुलगा झाला, लिहून घ्या.

"हा पोशा तुमच्या कुळातला तर नाही ना?" मी घाबरून विचारलं.

"आमची वाडी निराळी, कूळ निराळं. कालच आयला इचारून घेतलंय," तो म्हणाला आणि जीभ चावली.

"का रे विचारून घेतलंस?"

"आसंच…"

त्याचा तो 'असंच' ऐकला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी टेबलावर थाप मारली. "आता बोलू देत बाबांना! म्हणे घराण्यात असलं कधी झालं नाही! ही नोंद त्यांच्या तोंडावर ठेवते आणि सांगते…"

"काय सांगते?"

"तुझ्याबद्दल."

मला वाटलं तो हसेल. त्याने शांतपणे दप्तराची दोरी बांधली. "आन् ही नोंद घावली नसती तर?"

"म्हणजे?"

"तुझी पणजी घाटावरचीच निघाली असती तर? तर काय सांगितलं असतंस?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण मला आठवलं ते मुकाट जेवलेलं जेवण, आणि तो एक शब्द यायला उशीर झाला. फार नाही… पण त्याला पुरेसा.

"नम्रता, मी कुणाच्या पणजीच्या पुण्याईवर नाय येणार तुझ्या घरात," तो म्हणाला. नोंदीची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चार रात्री मला झोप नाही. राग त्याचा नव्हता. तो खरं बोलला होता, आणि मला माझ्यासारखं वागता आलं नव्हतं.

शनिवारी बाबांनी शेतावर पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. ऊन उतरलं होतं आणि धुराला तो कडसर वास होता. गावातली वजनदार मंडळी गोल करून बसली होती. नोंद खरी असल्याचं चारचौघांत सांगायला बाबांनी 'मोडीवाल्या सरां'नाही बोलावलं होतं. सर एका बाजूला घडीच्या शर्टात उभे. माझ्याकडे बघतही नव्हते.

"नम्रता, वाच गं नोंद," बाबा मोठ्या ऐटीत म्हणाले. मग जवळ येऊन कुजबुजले, "जातीपर्यंतच वाच. खालची वळ नको."

म्हणजे मी मंगळवारी दिलेली झेरॉक्स त्यांनी कुणाकडून तरी आधीच वाचून घेतली होती! चार दिवस त्यांना सगळं माहीत होतं, तरी घराण्याचा तोरा तसाच होता!

मी उभी राहिले. मोडी पाच अक्षरांपुरतीच येत होती, पण चार रात्रींत नोंद तोंडपाठ झाली होती. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी हात पुढे केला, कागद घ्यायला. मी कागद सोडला नाही.

"खबर देणार, मुलीचा बाप पोशा. जात ठाकूर," मी खणखणीत आवाजात वाचलं. "माझी पणजी चिंधी. ती वाडीतली होती. तिच्या भाकरीवर माझा पणजोबा दोन वर्षं जगला आणि त्याच्याच घराने तिचं माहेर जिवंतपणी मारलं."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी शेंग सोलता सोलता थांबलं.

"बस खाली," बाबा म्हणाले.

"थांबा बाबा, अजून आहे. मला नवनाथशी लग्न करायचंय. आणि त्यासाठी मी पणजीचा दाखला देत नाहीये. ती घाटावरची असती, नाहीतर अजून कुठली असती, तरी मी हेच सांगितलं असतं. त्या दिवशी जेवताना सांगायला हवं होतं. मी घाबरले. आज नाही घाबरत."

बाबांनी मंडळींकडे एकदा बघून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "आगं, इलेक्शनपातुर तरी गप ऱ्हायची व्हतीस…"

"पुरावा तुम्हाला हवा होता ना? मग अख्खा घ्या. अर्धा मिळत नाही."

मी नवनाथकडे बघितलं. छाती एवढी धडधडत होती, की मडक्यातली अंडी उडतील असं वाटलं. तो चालत माझ्याजवळ आला. सगळे बघत होते.

"मला इचारलंस का?" तो म्हणाला.

"आता विचारते. करशील?"

"मी करीन गं…" तो पहिल्यांदा हसला. "पण आमच्या घराण्यातबी असलं कदी झालेलं नाय. खालची सून चालंल का, ते आयला इचारावं लागंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! त्यांनाही नकार देता येतो, हे आमच्या अख्ख्या गावाच्या डोक्यात कधी आलं नसेल. मी म्हटलं, "तू नको विचारूस. मी विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी उंबराच्या वाडीचा चढ चढले. एकटीच. नवनाथला निरोप पाठवला होता, वाटेवर घ्यायला येऊ नकोस. धापा टाकत पोहोचले तेव्हा त्याची आई, संध्याबाई, अंगणात वाल पाखडत होती. तो दारात, बघायला आलेल्यांपुढे उभ्या केलेल्या पोरीसारखा अवघडून.

बाईंनी मला पायापासून केसांपर्यंत बघून घेतलं. "कुणाची गं तू?"

"माझी मीच," मी म्हटलं. "नम्रता. तुमच्या नवनाथला मागणी घालायला आलेय."

सूप थांबलं. खाली दूरवर बोरघाटातून मालगाडी जात होती. मग बाईंनी मान वळवून लेकाकडे बघितलं.

"हिला नाय म्हणायची काय सोय हाय का रं?"

"नाय," नवनाथ म्हणाला.

"मंग उबा काय ऱ्हायलास? चा ठेव."