दारावरच्या फुल्या

"हिमानी, पुढे जाऊ नको! त्या वस्तीत कोणी राहत नाही!" मोहित मागून ओरडला.

बारा वर्षांची हिमानी थांबली, पण वळली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती नेपानगरहून मावशीच्या गावी आली होती. मावसभाऊ मोहित आणि त्याचा दोस्त तुषार तिला तापी दाखवायला निघाले होते. केळीच्या बागेत भर दुपारीही हिरवट अंधार होता. वारा नव्हता, तरी वाळकी पानं सळसळत होती.

बागेच्या टोकाला सात घरं. सातही दारांना कुलपं, आणि प्रत्येक दारावर खडूची भलीमोठी पांढरी फुली!

"सकाळी शाळेच्या भिंतीवरची मतदार यादी वाचली ना आपण?" तुषारचा आवाज कापत होता. "या वस्तीच्या एकोणीस नावांपुढे 'मृत' लिहिलंय. एकूण एक!"

"एकोणीस माणसं गेली आणि गावात कोणाला पत्ताच नाही?" हिमानी म्हणाली.

तेवढ्यात शेवटच्या घरामागून आवाज आला. खर्र... खर्र... मग कोणीतरी खोकलं.

"कोन हाये?"

"भागो यार!" म्हणत तुषार बागेत दिसेनासा झाला. मोहितचा हात घट्ट धरून हिमानी घराला वळसा घालून गेली.

मागच्या अंगणात एक म्हातारी केळीच्या खोडाचे धागे खरवडत बसली होती.

"आजी, तुमचं नाव?"

"मालूबाई."

"पण तुम्ही तर... यादीत वारलात!" मोहित चाचरला.

"मी मेली? कवा?" म्हातारी खदखदून हसली. मग तिनं हातातले धागे खाली ठेवले. "समदे कुलपं लावून केळी कापाले जातात, मी इथं मागं बसते. अंधारात जातात, दिवेलागणीले येतात. एक साहेब भर दुपारी आलता, फुल्या मारत व्हता. म्या मागून हाक मारली, तं पळाला! पोरी, मले वोट टाकता येनार नाही का?"

हिमानीला यादीखालची ओळ आठवली. दुरुस्तीचा आजचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत!

तुषार वाटेवरच लपलेला सापडला. मालूबाईनं मळा कुठला ते सांगताच तो आणि मोहित माणसं आणायला धावत सुटले. हिमानी मालूबाईला हाताला धरून शाळेकडे निघाली. पोचायला पावणेपाच झाले. "आजी, मी दार उघडेपर्यंत बाहेर थांबा हं," ती कुजबुजली.

आत यादीचं काम करणारे नंदकुमार सर कागद आवरत होते. शेजारी बुऱ्हाणपूरहून आलेल्या अधिकारी रुख्मिणी मॅडम होत्या.

"सर, मालूबाईंचं नाव का काढलं?"

"वारली ती."

"तुम्ही चौकशी केली?"

"म्हणजे काय! घरी गेलो होतो. रडत होते बिचारे!"

हिमानीनं दार उघडलं.

"कोन रडत व्हतं, बाप्पा?" मालूबाईनं विचारलं.

नंदकुमार सर असे उठले, की खुर्चीच उलटली! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "दोनदा गेलो, कुलपं होती. तिसऱ्यांदा रिकाम्या घरामागून आवाज आला... मी घाबरलो, मॅडम. पुन्हा गेलोच नाही."

"म्हणून जित्याजागत्या माणसांना मारून टाकलंत?" मॅडम कडाडल्या. "कुलूप दिसलं तर सकाळी जायचं, संध्याकाळी जायचं. एकेक नाव म्हणजे एकेक माणसाचा हक्क आहे!"

पाचला चार मिनिटं कमी. दारात कोणीच नव्हतं. हिमानी नखं खाऊ लागली.

"आले! आले!" तुषार ओरडत आला. मागे धापा टाकत अठरा माणसं, हातात कोयते, कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग!

"पाचच्या आत रांगेत उभा राहील, त्याचा अर्ज मी घेणारच," मॅडम म्हणाल्या आणि एकेक नाव वाचू लागल्या.

"गिरधर!"

"हाजर!"

"कुसुम!"

"हाजर!"

'मृत' लिहिलेलं प्रत्येक नाव मोठ्यानं ओ देत होतं. हिमानीच्या अंगावर काटा आला, पण आता तो भीतीचा नव्हता.

"शाबास, पोरांनो!" मॅडमनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आम्हा मोठ्यांना जे विचारायला हवं होतं, ते तुम्ही विचारलंत."

मालूबाईनं अर्जावर अंगठा उमटवला आणि हिमानीकडे वळली. "तुहं नाव कवा लागंल व यादीत?"

"अजून सहा वर्षं आहेत, आजी."

"मंग सहा वर्सं तं मी मरत नाही! दोघी मिळून जाऊ वोट टाकाले."