गोठ्यामागची राजदूत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर किन्हवलीजवळच्या एका अंगणात या. भात पिवळं पडलंय, वाऱ्याला त्याचा गोडसर वास आहे, ऊन असं मऊ की कोंबड्याही त्यात डुलक्या घेतायत... आणि अंगणाच्या मधोमध एक जुनी राजदूत मोटारसायकल उभी आहे. सोळा वर्षं ती गोठ्यामागे पेंढ्याखाली निजली होती; आज नव्यानं उभी करायची म्हणून तिचं एकेक अंग सुटं होतंय. दिसली? आता तिच्यापासून चार पावलांवर उभी असलेली छायाआत्याही बघा. मुरबाडहून मिळेल त्या एसटीनं ती धावत आलीय.

"दादा, राहू दे ना रे ती गाडी!"

गाडी खोलत बसलेल्या सुरेंद्रनं मान वर केली नाही. "सोळा वर्सं मी तुझ्याशी बोललो नाय. आता बोलायला लावू नको."

"बाबा, असं काय रे?" त्याची नऊ वर्षांची सरू पाना नाचवत म्हणाली. "मीच फोन केला आत्याला. ये ना गो आत्या! चार नट मी खोलले. एक हरवला, पण बाबाला सांगू नको."

"ऐकलं मी," सुरेंद्र म्हणाला.

छायाला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती सकाळ उभी होती... पावसाळा सरत आलेला, आईच्या छातीत कळ, आणि दादा किकवर किक मारतोय, मारतोय... गाडी चालूच होईना! शेजारच्या गावातून जीप येईपर्यंत आईनं ओटीवरच डोळे मिटले. आदल्या दिवशी डब्यातलं पेट्रोल टाकीत भरलं होतं छायानं. "तुझ्या हातून पाणी गेलं त्यात! आईला तू घालवलंस!" दादा ओरडला, आणि त्या दिवसापासून त्यानं बहिणीला मनातून पुसून टाकलं. भाऊबीजेला ती आली की तो शेतावर निघून जायचा; आणि भाऊ जिवंत असलेली ती बहीण अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची...

पण तेराव्यानंतर गाडी पुसताना छायाला काय दिसलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाळाभर गाडी उभीच असायची. उंदरांनी आत घर करू नये म्हणून दादा दर ज्येष्ठात हवेच्या नळीत चिंधी कोंबायचा, आणि गाडी काढण्याआधी ती ओढून टाकायचा. त्या सकाळच्या घाईत तो विसरला होता! हवाच न मिळालेली गाडी चालू कशी होणार? ती चिंधी अजून आतच होती; छायाचं निर्दोषपण तिच्याच चिमटीत होतं. पण हे कळल्यावर दादा जगेल कसा? तिनं चिंधी पुन्हा आत ढकलली, आणि दोष स्वतःच्या पदरात घेतला.

"बाबा, हे बघ! आत कायतरी हाय!"

सरूनं हवेच्या नळीत बोट घालून ओढलं. निळ्या फुलांची, काळवंडलेली पट्टी बाहेर आली.

सुरेंद्रचा हात जागच्या जागी थांबला.

"मी कोंबली ती!" छाया ओरडली. "मीच, दादा! पेट्रोल भरलं तवा..."

"तू?" तो पट्टीच्या टोकाची गाठ चाचपत राहिला. "आईच्या जुन्या लुगड्याची हाय ही. ओढायला बरी पडावी म्हणून गाठ मारायचो मी... छाये, तुला ठाऊक व्हतं?"

छायाच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"सोळा वर्सं! अगो, एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचीस!"

"फेकली असती, तर तू उभा राहिला असतास का रे? आई गेलीच व्हती... भाऊपण घालवू?"

"मग मीच... मीच घालवली आईला..."

"नाय रे! पाय सोलून निघाला, तरी किक मारत व्हतास तू. आईनं पाहिलं ते. शेवटपर्यंत तुझ्याकडंच बघत व्हती ती."

थोरला भाऊ धाकट्या बहिणीच्या पायांशी कोसळला, आणि तिनं त्याचं डोकं पोटाशी घट्ट धरलं, आई धरायची तसं!

सरू दोघांकडे बघत राहिली. "आता हवा जाईल ना आत?" तिनं विचारलं. गाडी चालू होणं शक्यच नव्हतं. टाकी आंब्याखाली होती, प्लग बाबाच्या खिशात. पण सरूनं फ्रॉक खोचला, सीटला धरून दोन्ही पाय किकवर ठेवले आणि उडी मारली. गाडी कलली. भाऊ एका बाजूनं धावला, बहीण दुसऱ्या बाजूनं.

"नीट धरा की दोघं!" असं म्हणून सरूनं पुन्हा उडी मारली.