डाव्या हाताची फुली

चप्पल बोक्यासाठी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ठिणगीबद्दल तुमचं भलतंच मत व्हायचं. तसं घरात तिला सगळे ठिणगी म्हणायचे ते काही उगाच नाही, पण अनोळखी माणसाला चप्पल फेकून मारणाऱ्यांतली ती नव्हती.

बागेच्या मागच्या टोकाला एक खोली होती. कुंड्या, फावडी, मोडकी सायकल, असलं सगळं वर्षानुवर्षं तिथे पडलेलं. बाबांशी भांडभांड भांडून तिने ती खोली मिळवली, शिलाई मशीनसाठी. घरात मशीन सुरू झालं की बाबा रेडिओचा आवाज वाढवायचे, आणि रेडिओचा वाढला की आई स्वतःचा वाढवायची. खोली मिळाली, पण तिथे वीज नव्हती. आणि त्या सकाळी खोलीच्या पत्र्यावर खुडबुड ऐकू आली. दूध चोरणारा बोकाच असणार, म्हणून ठिणगीने लांबूनच नेम धरला आणि चप्पल भिरकावली.

"आई गं…"

बोका असं म्हणत नाही. पत्र्यामागून एक डोकं वर आलं. कुरळे केस, कानामागे पेन्सिल आणि कपाळावर धुळीचा मोठा पट्टा.

"वायरमन," त्याने ओळख करून दिली. "तुमच्या बाबांनी बोलावलंय. वायर आत कुठून घ्यायची ते बघत होतो." मग चप्पल उलटसुलट करून पाहिली. "नेम छान आहे हो तुमचा."

"मला… बोका वाटला."

"चालेल. घरी आई माकड म्हणते. त्यापेक्षा बोका बरा."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागाहून. ठिणगी एका चपलेनिशी लंगडत घरात पळाली.

झालं. त्यानंतर तिला त्याच्यासमोर जायची सोय उरली नाही. कोणत्या तोंडाने जाणार? ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी राहायची आणि बघायची. घरापासून खोलीपर्यंत तो चर खणत होता. लिंबाच्या झाडापाशी आल्यावर कुदळ बाजूला ठेवून त्याने मुळं हाताने चाचपली आणि चर वळवून घेतला. काम वाढलं, पण मूळ तुटलं नाही. ठिणगीला हे फार आवडलं. पडद्यामागे उभं राहून आवडलं, हा भाग वेगळा.

समोर जायचं काम मावसबहीण करत होती. ती चार दिवस राहायला आली होती आणि मोठी गोड मुलगी होती. ठिणगीला नेमकं तेच सोसत नव्हतं. चहाचा कप घेऊन ही बागेत जायची ती तिकडचीच व्हायची. बोलणं ऐकू यायचं नाही, नुसतं हसणं ऐकू यायचं. बोलण्यापेक्षा ते वाईट.

"काय म्हणत होता?" कप परत आल्यावर ठिणगीने भांडी घासत विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? तो… वायरमन."

"अच्छा, तो होय? बरंच काही म्हणत होता."

"बरंच म्हणजे?"

"एवढं आहे तर उद्या चहा तूच ने की."

"माझं काय अडलंय," असं म्हणून ठिणगीने तोच स्वच्छ कप पुन्हा घासला.

आता आडपडदा कशाला, ती जळत होती. बहिणीची लांब वेणी, तिचं ते मान वेळावून ऐकणं, सगळं तिला टोचत होतं. आणि सगळ्यात जास्त टोचत होता स्वतःचा भित्रेपणा. खोली ठिणगीची, मशीन ठिणगीचं, आणि आत जाऊन हसतेय कोण, तर पाहुणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारीक भुरभुर सुरू झाली. वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून ती बागेत गेली आणि पाय आपोआप खोलीच्या खिडकीकडे वळले. आत बहीण डोळे मिटून उभी होती, डावा हात भिंतीकडे लांब केलेला. तो अगदी तिच्या शेजारी, हातात पेन्सिल.

"अजून थोडं… हां… आता हलू नका."

बहीण खुदुखुदु हसत होती. तिच्या बोटांच्या टोकाशी त्याने भिंतीवर बारीकशी फुली मारली. ठिणगीच्या हातातले कपडे भिजले तरी तिला पत्ता नव्हता. माझ्या खोलीतलं बटण, आणि ते हिच्या हाताला?

दोघं व्हरांड्यात चहाला गेल्यावर ती तरातरा आत शिरली. एक फुली दाराच्या डाव्या बाजूला, दुसरी मशीनच्या जागेच्या डाव्या बाजूला. घरातली झाडून सगळी बटणं उजवीकडे. म्हणजे हिच्या नादात या माणसाला डावं-उजवंसुद्धा सुचेनासं झालंय. ओल्या टॉवेलाने तिने दोन्ही फुल्या खसाखसा पुसल्या आणि त्याचीच तिथे राहिलेली पेन्सिल घेऊन उजवीकडे नव्या मारल्या. रागात मारल्या, त्यामुळे चांगल्या वीतभर झाल्या.

एवढ्यावर थांबली असती तर ती ठिणगी कसली? तशीच बाबांकडे गेली.

"बाबा, हा वायरमन नको. काम कमी आणि गप्पाच जास्त. दुसरा बघा."

बाबांनी रेडिओ बारीक केला. "काम तर चांगलं दिसतंय त्याचं. बरं, चहा संपवून बोलतो त्याच्याशी."

तिला वाटलं होतं, हे सांगितल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ती मागच्या पायरीवर जाऊन बसली, तर समोर तोच उभा.

"जरा खोलीत येता का?"

यावेळी पळायला जागा नव्हती. ती गेली. तो भिंतीकडे बघत होता.

"या फुल्या कोणी मारल्या?"

"तुम्हीच मारल्या असतील."

"माझी फुली एवढीशी असते. ही तर मास्तरांनी चुकलेल्या गणितावर मारल्यासारखी आहे."

"मग चुकलंच होतं तुमचं. आमच्या घरात सगळी बटणं उजवीकडे असतात."

"असतील. पण तुम्ही डावखुऱ्या आहात ना?"

ठिणगी बघतच राहिली. "हे तिने सांगितलं?"

"नाही. तुमच्या चपलेने सांगितलं." त्याने कपाळावर हात फिरवला. "मी डोकं वर काढतोय तोच तुम्ही डाव्या हाताने फेकलीत. तेवढ्या लांबून, बरोबर इथे."

अंधारात हातातलं सामान या हातातून त्या हातात घेत ती घरभर बटणं शोधत आली होती, लहानपणापासून. घरातल्या कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही.

"मग तिला कशाला उभं केलंत?" हे मात्र तिच्या तोंडून निघालंच.

"कुणाला? अच्छा… तुमची उंची आणि त्यांची उंची सारखी. डोळे मिटल्यावर हात आपसूक जिथे जातो तिथे मी बटण बसवतो, माझी पद्धतच आहे ती. तुम्हालाच बोलावणार होतो, पण तुम्ही मी दिसलो की पळता. त्या उजव्या हाताच्या, डाव्याने जमेना, म्हणून हसत होत्या."

"आणि रोज चहाच्या वेळी?"

"तेव्हा तुमची चौकशी करत होतो. काय शिवता, नेहमीच रागावता का…"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पडद्यामागे उभी असेल, तिलाच विचारा."

ठिणगीचे कान तापले. आणि मग एकदम बाबा आठवले. बाबा चहा संपवत असतील. संपवून इकडेच येतील.

"मी एक घोळ घातलाय," ती म्हणाली. "बाबांना सांगितलंय… तुम्हाला काढून टाका म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"नाही. तुम्ही तिच्याशी हसत होता… मला बघवलं नाही. इतकंच." एकदा तोंड उघडलंय म्हटल्यावर तिने उरलेलंही सांगून टाकलं. "मला वाटतं तुम्ही माझ्याशी हसावं."

पत्र्यावर भुरभुर वाजत होती. तो हसला नाही. त्याने कानामागची पेन्सिल काढली.

"मग माप परत घ्यावं लागेल. मिटा डोळे."

तिने मिटले. डावा हात पुढे केला. भिंत लागायला हवी होती तिथे पेन्सिल लागली, मग पेन्सिल धरणारी बोटं, माती लागलेली, उबदार.

"इथे?" त्याने हळूच विचारलं.

"इथेच."

"ही भिंत नाही."

"माहितीये मला."

दारात पावलं वाजली. खाकरणं बाबांचं होतं, आणि मागून दबलेलं हसू बहिणीचं.

"काय हो, काम कमी आणि गप्पा जास्त, असं ऐकतो मी," बाबा म्हणाले.

"नाही काका," बहीण म्हणाली, "ते माप घेतायत."

बाबांनी ते माप बराच वेळ बघितलं. "मग? दुसरा वायरमन बघू ना?"

ठिणगीने डोळे उघडले नाहीत. हातही काढला नाही.

"नको बाबा," ती म्हणाली. "हाच राहू दे."