चुंबकाची काडी

या, जवळ सरकून बसा. कीर्तनाला बुवा उभे राहायला अजून वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगतो.

खरी आहे. पांडुरंगाची शपथ. मी स्वतः तिथे उभा होतो.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. मागच्या फेब्रुवारीतला बुधवार, दुपारचे चार, लख्ख ऊन. जागा निघोज्याजवळचं गोल्फच्या सरावाचं मैदान. चाकणच्या कंपन्यांतले साहेब लोक तिथे येतात. मी गणराज, तिथे चेंडू आणि जाळी सांभाळायचो.

आधी दत्तोबाचं सांगायला हवं.

दत्तोबा साहेबांना खेळ शिकवायचा. गावातला माळकरी माणूस. देवळात टाळ वाजवायचा. कीर्तनात त्याचा पहिला टाळ पडला की डोळे आपोआप मिटायचे.

त्याची एक सवय होती. कोणी मारायला उभं राहिलं की तो चुंबक लावलेली वीतभर काडी क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, तोंडावर चिकटवायचा. तोंड म्हणजे चेंडूला लागतो तो सपाट भाग. काडीचं टोक जिकडे, चेंडू तिकडे.

"आधी तोंड बघा साहेब, मग पाय लावा. तोंड वाकडं ऱ्हायलं तर चेंडू कुनाच्या बी घरात जाईल."

प्रज्वल साहेबांना हे आवडायचं नाही. एका कारखान्याचे मोठे साहेब.

"दत्तोबा, मी चारशे माणसं चालवतो. आता काडी मला शिकवणार?"

जानेवारीत एकदा त्यांनी ती काडी झटकून टाकली. दत्तोबा उजवीकडे जाऊन चेंडूंच्या टोपलीशी वाकला.

साहेबांनी न बघता मारलं.

टक्!

चेंडू त्याच्या कानाच्या वर लागला. दवाखान्यात नेईपर्यंत दत्तोबा संपला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या साक्षीचा कागद लिहूनच आणला. दत्तोबा दारू प्यायलेला होता, स्वतःच समोर आला, असा.

"सही कर गणराज. नोकरी हवीये ना?"

मी सही केली.

गावात बातमी पसरली. माळकरी आणि दारू! देवळातल्या खुंटीवरचे त्याचे टाळ कोणीतरी काढून त्याच्या बायकोच्या, अंबुबाईच्या दारात ठेवले.

ती मला एवढंच म्हणाली, "भावजी, तुमी रोज त्यांच्या शेजारी जेवत व्हता. कदी वास आला व्हता का?"

मी तिथूनच मागे फिरलो.

आता तो बुधवार.

प्रज्वल साहेब महिन्याभराने आले. चेंडू सारखा उजवीकडे जात होता.

"काडी दे रे एखादी."

"नाही साहेब. एकच होती."

ती एकच, लाल दोरा गुंडाळलेली, मी माझ्या हाताने दत्तोबाच्या चितेवर ठेवली होती.

साहेबांनी स्वतःच्या बॅगेत हात घातला. आणि बाहेर काढली...

काडी.

लाल दोरा गुंडाळलेली.

"ही काय आहे मग? खोटं बोलतोस!"



त्यांनी ती क्लबवर चिकटवली. टोक उजवीकडे. त्यांनी क्लब सरळ केला. टोक पुन्हा उजवीकडे.

तिथे दत्तोबा पडला होता.

शेजारच्या कंपनीतली पत्रा दाबायची प्रेस दिवसभर धप्प धप्प करत असते. ती अचानक थांबली. चिमण्या थांबल्या. आणि मग...

छन्न.

एकच टाळ.

"कोण वाजवतंय रे?" म्हणजे साहेबांनाही ऐकू आला होता.

क्लब त्यांच्या मुठीत फिरू लागला. मूठ घट्ट होती, बोटं पांढरी पडली होती. तरी फिरत होता. सावकाश. काडी उजवीकडून सरळ आली. सरळवरून डावीकडे. आणि मग...

त्यांच्या स्वतःच्या अंगाकडे.

"गणराज, पकड रे!"

माझे पाय हलेनात. खरं सांगू? मला हलायचंही नव्हतं.

साहेबांनी शिवी हासडून काडी उपटून फेकली आणि जीव खाऊन चेंडू मारला. चेंडू जाळीच्या लोखंडी खांबावर आपटला आणि तसाच परत आला.

टक्!

कानाच्या वर. त्याच जागी.

साहेब वाचले. पण त्यांचा ड्रायव्हर सांगतो, त्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही. टाळ मात्र ऐकू येतात. झोपेतसुद्धा.

मी नंतर शेजारच्या कंपनीच्या वॉचमनला विचारलं. तो हसला. "प्रेस? भाऊ, ती आज एक मिनिटसुद्धा बंद नव्हती."

पुढच्या एकादशीला मी बुवांची परवानगी घेतली आणि भर कीर्तनात उभा राहिलो. मी सही केलेला कागद खोटा आहे, हे सगळ्या गावासमोर सांगितलं. पोलिसांनाही सांगितलं. नोकरी गेली. अंबुबाईने टाळ आणले आणि स्वतःच्या हाताने खुंटीला लावले.

वाटलं, फिटलं.

पण त्या दिवशी फेकलेली काडी मैदानात सापडलीच नव्हती. ती आता माझ्या घरात आहे. लोखंडी कपाटाला चिकटलेली. टोक माझ्या खाटेकडे.

मी तीनदा खाट हलवली. दर वेळी सकाळी काडी दुसरीकडे चिकटलेली असते. टोक माझ्याकडेच.

सही माझीच होती ना.

बघा, बुवा उभे राहिले. आता पहिला टाळ पडेल. तो पडला की माझ्या दत्तोबाची आठवण काढा. आणि मनात एवढंच म्हणा...

तो प्यायलेला नव्हता.