करंजगडाचे टाके

करंजगडाच्या पश्चिम कड्यावर चैत्रातली पहाट उजळू लागली आणि गडाखालच्या छावणीत सनईचे सूर उठले. कारण गड बळकावून बसलेल्या बंडखोर किल्लेदाराचा पश्चिम बुरूज आज सुरुंगाने उडायचा होता. तो सोहळा पाहण्यासाठी सरदार आनंदराव निंबगिऱ्यांनी आसपासच्या मानकऱ्यांना निमंत्रणे धाडली होती, डेऱ्यासमोर गालिचे अंथरले होते, अत्तरदाण्या मांडल्या होत्या, आणि जोशीबुवांकडून मुहूर्तही काढून घेतला होता. गड घेण्याचा विडा उचलला होता सुभानजी धुमाळाने. विडा उचलून काम फसले, तर त्याच दरबारात पगडी आणि तलवार ठेवून पायी घरी जायचे, हा निंबगिऱ्यांच्या घराण्याचा रिवाज होता.

गडाला बुरूज तीन. सुभानजीने पश्चिमेचाच निवडला, तो काही कच्चा होता म्हणून नव्हे. डेऱ्यातून तेवढाच स्पष्ट दिसत होता म्हणून. आपण पाडलेला बुरूज चार मानकऱ्यांनी डोळे भरून पाहावा, एवढी त्याची हौस! त्या हौसेपायी बेलदार सव्वीस दिवस काळा कातळ फोडून बुरुजाखाली भुयार खणत होते.

दारूचे बुधले आत नेऊन झाल्यावर शेवटची पाहणी करायला सुभानजी भुयारात शिरला. टोकाशी बेलदारांचा म्होरक्या, म्हातारा यमाजी, कातळाला तळहात लावून उभा होता.

"हात लावून बघा, धनी."

कातळ ओला होता. सुभानजीच्या बोटांना शेवाळाचा वास आला.

"ऐन चैतात पाझर?"

"ह्ये झऱ्याचं पानी न्हाई, साठ्याचं हाय. गडाचं टाकं हितंच माथ्यावर हाय. बत्ती दिली तर बुरूज पान्यासकट आपल्याच अंगावर यील. खाली मोर्च्यात दोनशे मानूस बसलंय."

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो व्हतो जी, पयल्याच दिशी. ही जागा न्हाई म्हनलं. तुमी हसला व्हता."

हसला होता खरा. ते आठवून सुभानजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण दोनशे माणसे खाली बसली होती आणि मुहूर्त दोन घटकांवर आला होता.

तो तसाच, अंगाला चिखल फासलेला, डेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. मानकऱ्यांच्या देखत त्याने पगडी उतरवली, तलवार गालिच्यावर ठेवली आणि सारी हकीकत सांगितली.

आनंदरावांचा चेहरा लाल झाला. "सुभानराव, पाहुणे बसले आहेत. मुहूर्त टळायचा नाही. बत्ती द्या!"

"बत्ती मी देणार नाही, सरकार. दुसऱ्या कुणाला देऊही देणार नाही."

"हुकूम कुणाचा मोडता आहात, याचे भान आहे?"

"पुरते आहे. माझी निवड चुकली, सरकार. पण विडा गड घेण्याचा होता. बुरूज पाडून दाखवण्याचा नव्हता. ते मीच विसरलो होतो. गडाचे पाणी तोडायला मला सूर्यास्तापर्यंत मुदत द्यावी. नाही जमले, तर तोफेच्या तोंडी द्या."

मानकऱ्यांत कुजबूज सुरू झाली. एवढ्या लोकांसमोर दोनशे माणसे मारल्याचा बोल माथी घ्यायला आनंदराव धजले नाहीत. "सूर्यास्तापर्यंत," ते तुटकपणे म्हणाले.

सुभानजीने मोर्चा रिकामा करवला, दारूचे बुधले बाहेर काढवले आणि भुयाराचे टोक सरळ वर, टाक्याच्या तळाकडे वळवले. उतरत्या उन्हापर्यंत छिन्न्या चालल्या. पाझराची धार झाली, तेव्हा त्याने सगळ्यांना बाहेर घालवले, कमरेला दोर बांधला आणि पहार उचलली.

"धनी, ह्ये आमचं काम हाय," यमाजी अडवू लागला.

"चूक माझी आहे, यमाजी. दोर तेवढा घट्ट धर!"

सातव्या घावाला कातळ फुटला. पाण्याच्या लोंढ्याने सुभानजीला भुयारभर आपटत आणले; बेलदारांनी दोर ओढून त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याचा डावा हात कोपरात मोडला होता. दिवस मावळेपर्यंत गडाचे पाणी कड्यावरून धो धो वाहत राहिले, आणि तटावर जमलेले शिपाई ते हताशपणे बघत राहिले. गडावर दुसरे टाके नव्हते. पाचव्या दिवशी किल्लेदाराने किल्ल्या पाठवल्या.

गडावर दरबार भरला. आनंदरावांनी सुभानजीला पगडी-तलवार परत दिली, एक गाव इनाम जाहीर केले, आणि चिटणिसाने राजधानीत हुजुरांकडे जायचे पत्र वाचून दाखवले: "...टाके फोडण्याचा गुप्त मनसुबा सरकारांनी प्रथमपासूनच योजून, सुभानजी धुमाळांकरवी..."

"हे खोटे आहे," सुभानजी म्हणाला.

तो चिटणिसाच्या बैठकीपुढे जाऊन उभा राहिला.

"असे लिहा, चिटणीस. जागा सुभानजीने चुकीची निवडली. बेलदाराने पहिल्याच दिवशी बजावले, ते त्याने हसण्यावारी नेले. टाके त्या बेलदाराने ओळखले, म्हणून दोनशे माणसे वाचली आणि गड आला."

"सुभानराव," आनंदराव दात आवळून म्हणाले, "असले पत्र गेल्यावर हे इनाम तुम्हाला कोणत्या तोंडाने द्यायचे?"

"देऊ नका. पत्र मात्र बदला. नाही बदलले, तर हा मोडका हात घेऊन मी स्वतः हुजुरांपुढे उभा राहीन."

चिटणिसाने सरदारांकडे पाहिले. सरदार दुसरीकडे पाहू लागले. सुभानजी जागचा हलला नाही. शेवटी चिटणिसाने पहिला कागद बाजूला सारला, नवा पुढे ओढला आणि लेखणी बुडवली.

"बेलदाराचे नाव?"

"तो बाहेर उभा आहे," सुभानजी म्हणाला. "त्याला आत बोलवा, त्याच्या बापाचे नाव विचारा, आणि पुरते लिहा."