शिल्लक साठ्यातली बॅग

विषय : निवृत्त हेडक्लार्क यांची आद्याक्षरे असलेली, परंतु कचेरीने न दिलेली चामडी बॅग कचेरीने ताब्यात घेण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे तीन अर्ज.

तर हकीकत अशी. त्या कचेरीत निवृत्त होणाऱ्याला चामडी बॅग देत आणि तिच्यावर त्याची तीन आद्याक्षरं सोनेरी ठशात उमटवलेली असत. चौतीस वर्षं ज्याला साहेबांनी ‘अहो, ते हे’ अशी हाक मारली, त्याला तीन अक्षरांचंही अप्रूप वाटतं. हेडक्लार्कांनी तर बॅगेसाठी घरात खुंटीसुद्धा ठोकून ठेवली होती.

बॅग हाती आली आणि त्यांचं टाळकं सणकलं. त्यांच्या अक्षरांखाली दुसरी तीन अक्षरं दबलेली होती. आवक टेबलावरच्या कारकुनाची. निवृत्तीच्या यादीत त्यांच्या एक जागा वर असलेला तो बिचारा, निवृत्तीला आठ दिवस उरले असताना वारला होता.

“बॅगा यादीवरून वर्षभर आधीच मागवतो आम्ही,” स्टोअरकीपर म्हणाला. “शिल्लक साठा आधी संपवायचा, असा नियम आहे. म्हणून वरून तुमचा ठसा मारला.”

“त्याची बायको मागायला आली होती, तेव्हा द्यायला काय धाड भरली होती?”

“तो निवृत्त कुठे झाला, साहेब? वारला.”

हेडक्लार्क धुमसत घरी आले. चार दिवसांत वरची अक्षरं पुसट झाली आणि खालची झळाळून वर आली. बॅग उघडली की लवंगेचा वास येई. आवकवाला दिवसभर लवंग चघळत असे.

“ज्याची त्याच्या घरी देऊन या,” बायको म्हणाली. “खुंटीला मी बाजाराची पिशवी लावीन.”

भर दुपारी ते गेले. आवकवाल्याच्या बायकोनं दार उघडलं, बॅग पाहिली आणि ती दाराला धरून उभी राहिली.

“भाऊजी... ही यांची? मग घरात आहे ती कुणाची?”

“घरात?”

“चार दिवसांपूर्वी सकाळी टेबलावर दिसली. दाराला तर आतून कडी होती...”

तिनं कपाट उघडलं. हुबेहूब तशीच बॅग. वर हेडक्लार्कांची अक्षरं, कोरी करकरीत. आत त्यांचाच सदरा नीट घडी करून ठेवलेला. तो त्यांची बायको सकाळपासून शोधत होती. शेजारी त्यांचा कंगवा. उरलेल्या वस्तूंसाठी बाजूला जागा सोडलेली, प्रवासाला निघालेला माणूस सोडतो तशी.

“नेता का?” तिनं हळूच विचारलं.

“नको, वहिनी... हात लावू नका तिला.”

आवकवाल्याची बॅग तिथेच ठेवून ते तडक कचेरीत गेले.

“मेलेल्याच्या हक्काची वस्तू माझ्या गळ्यात मारलीत!” ते ओरडले. “आता तो माझी बॅग भरतोय!”

“रेकॉर्डला एकच बॅग आहे,” स्टोअरकीपर म्हणाला. “जी दिलीच नाही, ती परत कशी घेणार? अर्ज करा.”

त्यांनी अर्ज केला. मग दुसरा, मग तिसरा. घरातून रोज एक वस्तू नाहीशी होते. चष्म्याचं घर गेलं, दाढीचा ब्रश गेला, परवा चपला गेल्या. दर वेळी वहिनींचा फोन येतो, “भाऊजी, आज हे आलं.”

काल पुन्हा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “भरली, भाऊजी... पट्टाही आवळलाय. आणि ती आता कपाटात नाही. दाराशी आणून ठेवलीय.”

अर्ज प्रलंबित आहे.